दिल्लीचं धुकं, रखडलेलं विमान आणि तुमचं सकाळचं सत्र

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत परिषद ठेवणाऱ्या आयोजकांविषयी मनात काय यायचं ते येऊ द्या, निमंत्रण आलं की आपण जातोच. पुण्याहून किंवा मुंबईहून सव्वादोन तासांचा प्रवास, सकाळी सहाला निघालं की नाश्त्याला दिल्लीत, असा हिशेब. मग लोहगावच्या टर्मिनलमध्ये फलकावर आपल्या विमानासमोर 'डिलेड' झळकतं आणि तासाभरात गेटवरची निम्मी माणसं एकमेकांवर खेकसायला लागतात.

काही जण तिथेही मजेत असतात. त्यांचा स्वभाव शांत असेलही, पण बहुतेकांनी घरून निघतानाच सोय करून ठेवलेली असते. रखडलेल्या विमानावरची चिडचिड दोन गोष्टींतून येते: पुढे काय होणार ते कळत नाही, आणि काहीतरी मोलाचं हातून जाणार असं वाटत राहतं. दोन्हींचा बराचसा बंदोबस्त आधी करता येतो. तो कसा, ते क्रमाने सांगतो.

आधी धुक्याचं वेळापत्रक

उत्तर भारतातलं हिवाळी धुकं अचानक कोसळणारं संकट नाही, त्याला ठरलेली वेळ आहे. आकाश निरभ्र, वारा पडलेला, पाणी दिलेल्या शेतांमुळे हवेत ओल. रात्री जमीन थंड होते आणि तिला लागून असलेली हवा धुकं धरते. ते बहुधा मध्यरात्रीनंतर जमतं, पहाटे सर्वांत दाट होतं आणि ऊन तापलं की दहा-अकरापर्यंत विरतं. दिल्ली विमानतळावर या धुक्याचा अभ्यास आपल्या पुण्याचीच आयआयटीएम ही हवामान-संशोधन संस्था २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून करते आहे.

दिल्लीच्या धावपट्ट्यांवर कॅट-३ बी ही यंत्रणा आहे. धावपट्टीवर ५० मीटरपर्यंतच दिसत असलं तरी तिच्या आधाराने विमान उतरू शकतं. तरी उशीर का? कारण विमानही त्या क्षमतेचं लागतं आणि वैमानिकांचंही तसं प्रशिक्षण झालेलं लागतं. दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं, जमिनीवर ती मुंगीच्या पावलांनी चालतात. उड्डाणाला तर उतरण्यापेक्षा जास्त दृश्यता लागते, साधारण सव्वाशे मीटर. म्हणजे विमानं उतरतात, पण निघत नाहीत, आणि उभं राहायच्या जागा भरत जातात.

पहाटे दिल्लीत अडकलेलं तेच विमान साडेनऊला पुण्यात येऊन तुम्हाला न्यायचं असतं. गेटवर दर दहा मिनिटांनी कुणीतरी हातवारे करत विचारतं, "इथं तर लख्ख ऊन पडलंय, मग उशीर कसला?" त्याला शांतपणे हे समजावून सांगणारे तुम्ही असलात, तर निम्मी लढाई तिथेच जिंकलीत.

तिकीट काढताना

सर्वांत मोठा निर्णय इथेच होतो. पुढचं सगळं त्यापुढे किरकोळ आहे.

परिषदेच्या दिवशी सकाळच्या विमानाने जाऊ नका. आदल्या दिवशी जा, आणि दिल्लीत दुपारी बारा ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान उतरणारं विमान घ्या. त्या वेळेपर्यंत सकाळची कोंडी बरीच सुटलेली असते आणि नवं धुकं जमायला अवकाश असतो. एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च डोळ्यांवर येतो, मान्य. कॉलेज किंवा ऑफिस तो देणार नसेल, तर आयोजकांना आदल्या रात्रीपासून निवासाची सोय मागा. बहुतेक ठिकाणी पाहुण्यांसाठी ती असते, फक्त कुणी मागत नाही.

कोल्हापूरहून मुंबई आणि तिथून दिल्ली असा प्रवास असेल, तर दोन्ही टप्पे शक्यतो एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं चार पैसे वाचवतात, पण पहिल्या विमानाने दुसरं चुकवायला लावलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नसतं.

मुंबईकरांच्या हातात आणखी एक पत्ता आहे. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी पाचच्या सुमारास निघणारी राजधानी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या आसपास नवी दिल्लीला पोचते. धुक्यात गाड्याही रखडतात, त्यामुळे ती रामबाण नाही. पण आदल्या दिवशी सकाळीच विमानांची दैना दिसू लागली तर एकदा आरक्षणाची स्थिती पाहून ठेवावी.

तुमचं सत्र तुमच्याशिवायही उभं राहील असं करा

गेटवर बसलेल्या माणसाला खरं तर विमान पोखरत नसतं. 'माझा पेपर साडेअकराला आहे' हे पोखरत असतं. म्हणून हा बंदोबस्त निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी करा.

आयोजकांना मेल करून तुमचं सादरीकरण दुपारच्या सत्रात घेता येईल का ते विचारा. कारण खरं सांगा: "धुक्याचे दिवस आहेत, सकाळचा भरवसा नाही." दिल्लीच्या आयोजकांना धुकं समजावून सांगावं लागत नाही. स्लाइड पीडीएफ करून त्यांना आधीच पाठवा, फॉन्टचे घोटाळेही त्यात आपोआप टळतात. फोनवर किंवा लॅपटॉपवर संपूर्ण सादरीकरणाचं ध्वनिमुद्रण करून त्याची लिंक त्याच मेलमध्ये ठेवा. खोलीत पंखा बंद करून एका दमात केलेलं साधं ध्वनिमुद्रण चालतं, स्टुडिओ लागत नाही. सहलेखक दिल्लीतच असेल तर त्याला स्लाइड एकदा फोनवरून समजावून सांगा.

आणि सत्राध्यक्षांचा किंवा सत्र सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाचा नंबर मिळवा. मुख्य आयोजकांचा फोन त्या दिवशी सकाळी लागणार नाही, ते उद्घाटनाच्या समईपाशी उभे असतील.

हे झालं की विमान कितीही रखडलं तरी तुमचं काम पोचणार, फक्त तुम्ही उशिरा पोचणार. मनावरचं ओझं यातच निम्मं उतरतं, स्वानुभव आहे.

सात किलोंत काय काय

देशांतर्गत प्रवासात केबिन बॅगेचं वजन साधारण सात किलो धरतात. चेक-इनची बॅग तुमच्या आधी, नंतर किंवा तुमच्याशिवाय पोचू शकते असं गृहीत धरून केबिन बॅग भरा.

परिषदेत घालायचे कपडे यातच. स्वेटर आणि कानटोपीही यातच. पुण्याच्या थंडीला आपण थंडी म्हणतो, पण धुक्यामुळे विमान वळवून पहाटे जयपूरला उतरवलं तर अर्ध्या बाह्यांच्या शर्टात सगळी प्रसन्नता गोठते. औषधं, चार्जर, पॉवर बँक. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालतच नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची केबिनमध्ये नेता येते, म्हणजे नेहमीची वीस हजार एमएएचची बसते. पोस्टर असेल तर शक्यतो कापडावर छापून घ्या. घडी करून शर्टांमध्ये जातं आणि नळी सांभाळायचा व्याप वाचतो.

खाण्याचं मात्र मनापासून करा. विमानतळावर चहासाठी नोट मोडताना जी कळ उठते, ती चिडचिडीत भर घालते. २०२४ च्या डिसेंबरमध्ये कोलकात्याच्या विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' सुरू झाला, तिथे दहा रुपयांत चहा आणि वीस रुपयांत समोसा मिळू लागला. तशी सोय आपल्या टर्मिनलमध्ये आहे का ते बघून ठेवा, पण भिस्त डब्यावर ठेवा. सुके पदार्थ न्या: दशम्या, मेथीचे ठेपले, चिवडा, शेंगदाण्याची चिक्की. दही, पातळ चटणी, तेल सुटलेलं लोणचं सुरक्षा तपासणीत अडकतं, ते घरीच राहू द्या. संक्रांतीच्या आसपास जात असाल तर गुळाच्या पोळ्यांना तोड नाही. चार दिवस टिकतात, कुस्करल्या तरी चव जात नाही आणि एक पोळी तीन अनोळखी माणसांत वाटता येते. वाटण्याइतकं न्या, त्याचा उपयोग पुढे येतोच आहे.

रिकामी पाण्याची बाटली विसरू नका. तपासणीनंतर भरून घ्या.

निघण्याआधी तीन गोष्टी तपासा

पहिली, तुमचं विमान आत्ता कुठे आहे. फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर उड्डाणाचा क्रमांक टाकला की तेच विमान त्याआधी कुठून येणार आहे ते बहुतेक वेळा दिसतं. ते अजून दिल्लीत जमिनीवर असेल आणि तुमच्या सुटण्याला तास उरला असेल, तर कंपनीचा संदेश येवो न येवो, उशीर होणार. दिल्लीहून निघून पुण्यात यायलाच दोन तास, वर साफसफाई आणि इंधनाला अर्धा-पाऊण तास.

दुसरी, दिल्लीचा मेटार. हा विमानतळाचा हवामान अहवाल दर अर्ध्या तासाने निघतो आणि अनेक मोफत संकेतस्थळांवर मिळतो. त्यात दृश्यतेचा चार अंकी आकडा मीटरमध्ये असतो. तो ००५० वरून ०२००, ०५०० असा चढू लागला की सुटका जवळ आली समजा. हा आकडा बघायची सवय लागली की फलकाकडे बघवत नाही, कारण फलक तुम्हाला कालची बातमी सांगत असतो.

तिसरी, कंपनीकडे नोंदलेला मोबाइल नंबर तुमचाच आहे ना. तिकीट ऑफिसच्या एजंटाने काढलं असेल तर त्याच्याच नंबरवर सगळे संदेश जातात आणि तो झोपलेला असतो.

उशीर दिसतो म्हणून घरून उशिरा निघण्याचा मोह मात्र आवरा. विमान वेळेवर सोडायचं ठरलं तर काउंटर मूळ वेळेनुसारच बंद होतं.

काउंटरवर: चार प्रश्न

उशीर जाहीर झाल्यावर दहा मिनिटं मनसोक्त वैतागा. घरी फोन करून बोला, हवं तर सरकारला दोन शब्द सुनवा. लगेच हसतमुख व्हायचा आटापिटा केला तर तो वैताग दुपारी भलत्याच माणसावर निघतो. दहा मिनिटांनंतर उठा आणि काउंटरवर जा.

रांगेत उभं असतानाच कंपनीचं ॲप उघडा. बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमध्ये उशीर किंवा रद्द झाल्यावर विनाशुल्क दुसरं विमान निवडायची सोय असते. रांगेतल्या तुमच्या पुढच्या चाळीस जणांपेक्षा ॲप लवकर ऐकतं.

काउंटरवरच्या मुलीने धुकं पाडलेलं नाही आणि पहाटे तीनपासून ती शिव्या खाते आहे. "ताई, सकाळपासून उभ्या आहात, चहा तरी झाला का?" एवढं म्हणून मग विचारा:

१. दिल्लीहून येणारं विमान तिकडून सुटलं का?
२. वैमानिक आणि कर्मचाऱ्यांची ड्यूटीची वेळ किती वाजेपर्यंत आहे?
३. आजच्या पुढच्या कोणत्या विमानात जागा आहे, आणि त्यात आत्ता बदलून मिळेल का?
४. उशिराचं कारण काय नोंदवलं आहे, आणि ते मेसेजवर किंवा कागदावर मिळेल का?

दुसरा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि तोच कळीचा आहे. वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा आहे. उशीर त्या मर्यादेपलीकडे गेला की धुकं विरल्यावरही विमान हलत नाही, नवे कर्मचारी यावे लागतात. तीन तासांचा उशीर एकदम 'रद्द' होतो तो बऱ्याचदा यामुळे. २०२५ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, त्यामागेही वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांप्रमाणे माणसांची जुळणी न झाल्याचं कारण होतं. ड्यूटीची वेळ संपत आली असेल तर थांबू नका, पुढच्या विमानात जागा मागा.

आता हक्कांचं. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था, तिच्या नियमांप्रमाणे अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला, म्हणजे पुणे-दिल्ली किंवा मुंबई-दिल्लीला, दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर वाट पाहणाऱ्या प्रवाशांना खाणंपिणं द्यायचं असतं. देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा यांतला पर्याय द्यावा लागतो. रात्री आठ ते पहाटे तीन या वेळात सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर झाला तर हॉटेलची तरतूद आहे. पण हवामानासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर भरपाई मिळत नाही, बाकी सोयींबाबतही कंपनीला सूट मिळते. म्हणून धुक्याच्या दिवशी नाश्ता भांडून मागू नका, विनंती करून मागा. बहुतेक वेळा कूपन मिळतं. कारण तांत्रिक बिघाडाचं किंवा कर्मचारी नसल्याचं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा नियमावर बोट ठेवा, आणि दाद लागली नाही तर 'एअरसेवा' पोर्टलवर तक्रार नोंदवा. चौथा प्रश्न त्यासाठीच आहे.

एक सावधगिरी. विमान रद्द झालं की ॲपवर 'रिफंड' हे बटण ठळक दिसतं. रागाच्या भरात ते दाबू नका. तुमचे पाच-सहा हजार परत येतील, पण त्याच दिवसाचं नवं तिकीट दुप्पट-तिप्पट असेल. आधी दुसऱ्या विमानातली जागा पक्की करा किंवा गाडीचं तिकीट हातात येऊ द्या.

आयोजकांना असा निरोप पाठवा

घाबऱ्या स्वरातले सात मेसेज पाठवण्यापेक्षा एकच नीट पाठवा:

"नमस्कार मॅडम. पुण्याहून माझं सकाळचं विमान दिल्लीच्या धुक्यामुळे अडकलं आहे. आत्ताच्या अंदाजाप्रमाणे दुपारी दीडपर्यंत सभागृहात पोचेन. माझं सादरीकरण साडेअकराला आहे, ते जेवणानंतर घेता आलं तर फार बरं होईल. शक्य नसेल तर स्लाइड आणि ध्वनिमुद्रण तुमच्या मेलवर आहेच. दहा वाजता पुन्हा कळवतो."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. पुढचा निरोप कधी येणार ते कळलं की त्या निर्धास्त होतात, आणि तुम्हालाही दहापर्यंत फोन खाली ठेवता येतो.

उरलेले चार तास

फलकाकडे अर्ध्या तासातून एकदाच बघायचं असं ठरवा. मुंबईसारख्या अनेक विमानतळांवर आता सरसकट घोषणा होत नाहीत, गेट बदललं तर फलकावर किंवा मोबाइलवरच कळतं. म्हणून गजर लावा. डुलकी काढणार असाल तर शेजारच्याला सांगून ठेवा. "दिल्लीची घोषणा झाली तर हलवा हं मला" असं सांगितलेला माणूस ते काम फार जबाबदारीने करतो.

बसायची जागा निवडताना एक पथ्य पाळा. ओरडणारा माणूस आणि त्याचं चित्रण करणारे चार जण, यांच्यापासून किमान दोन रांगा लांब बसा. त्यांच्या तक्रारीत तथ्य असेलही, पण राग फार लवकर लागतो.

आता डबा काढा. आणि आजूबाजूला बघा. धुक्याच्या दिवशी परिषदेला निघालेले तुम्ही एकटेच नसता. पोस्टरची नळी, मागच्या वर्षीच्या परिषदेची ज्यूटची पिशवी, मांडीवर उघडी पीपीटी आणि चेहऱ्यावर धास्ती, ही माणसं ओळखू येतात. "तुम्हीपण दिल्लीच्या परिषदेलाच का?" एवढ्यावर गप्पा सुरू होतात. मला विचाराल तर परिषदेतल्या कामाच्या ओळखी सभागृहात क्वचित होतात. तिथे सगळे घाईत असतात आणि गळ्यातल्या कार्डाकडे बघून बोलतात. गेटवर मात्र नामांकित प्राध्यापकही जमिनीवर चार्जिंगच्या प्लगपाशी बसलेला असतो आणि त्याला कुठेही जायचं नसतं. गुळाची पोळी पुढे करा. पीएचडीच्या विद्यार्थ्याला एरवी वर्षभर मेल करून मिळणार नाहीत एवढी वीस मिनिटं तिथे मिळतात. त्याच माणसासमोर आपलं सादरीकरण एकदा तोंडी म्हणून बघा. त्याने विचारलेला पहिला प्रश्न उद्या सभागृहात कुणीतरी विचारणारच असतो.

कुणाशी बोलायची इच्छा नसेल तर चाला. टर्मिनलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार फेऱ्या मारल्या की अंगातला ताठरपणा जातो. ऑफिसची राहिलेली मेल उपसायला बसू नका; अर्धवट लक्षाने लिहिलेली उत्तरं नंतर निस्तरावी लागतात. लहान मुलं घेऊन एकटी निघालेली बाई दिसली तर तिचं सामान दहा मिनिटं सांभाळा, म्हणजे तिला चेहरा धुऊन येता येईल.

विमानात बसवलं आणि हललंच नाही, किंवा जयपूरला उतरवलं

दारं लावून तासभर उभं राहणं सर्वांत जाचक. पाणी मागा, पाय मोकळे करा, वैमानिकाची घोषणा नीट ऐका. फार लांबलं तर प्रवाशांना पुन्हा टर्मिनलमध्ये आणता यावं अशी सोय नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरोने २०२४ च्या मार्चमध्ये करून दिली आहे, त्यामुळे नम्रपणे विचारायला हरकत नाही. त्याच वर्षी जानेवारीत धुक्याने वळवलेल्या विमानाच्या प्रवाशांनी मुंबईत धावपट्टीच्या परिसरात बसून जेवण केलं आणि देशभर गाजावाजा झाला. त्या दिवसांत डीजीसीएने काढलेल्या सूचनांप्रमाणे उशिराची खरी माहिती वेळेवर देणं कंपन्यांवर बंधनकारक आहे.

विमान जयपूरला वळवलं की काही जण लगेच उठतात: "उतरा, टॅक्सी करू, पावणेतीनशे किलोमीटर तर आहे." सकाळचे आठ वाजले असतील तर बसून राहा. दहा-अकराला धुकं विरेल आणि विमान पाऊण तासात दिल्लीत असेल. जे धुकं विमानाला उतरू देत नाही तेच महामार्गावरही आहे, आणि तिथे कॅट-३ नाही. वैमानिकांची ड्यूटी संपल्याचं जाहीर झालं तरच पर्याय शोधा, आणि तेही ऊन पडल्यावर.

उतरल्यावर

थेट सभागृह गाठा, हॉटेल नंतर. द्वारकेतल्या यशोभूमीला परिषद असेल तर टर्मिनल ३ पासून एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रो एका दमात तिथे नेते. भारत मंडपमला जायचं तर त्याच मेट्रोने नवी दिल्ली, तिथून यलो लाइनने राजीव चौक आणि ब्लू लाइनने सुप्रीम कोर्ट स्थानक. टर्मिनल १ ला उतरलात तर तिथे मॅजेंटा लाइन आहे. टॅक्सीच्या रांगेपेक्षा हे भरवशाचं. कपडे विमानतळावरच बदला, तोंड धुवा, दोन घास खा.

व्यासपीठावर गेल्यावर विमानाची कहाणी सांगू नका. समोरच्या निम्म्या लोकांची तीच कहाणी असते, आणि तुमच्या बारा मिनिटांतली दोन त्यात जातात. ती चहाच्या वेळेसाठी राखून ठेवा, तिथे तिला चांगला भाव येतो.

बोर्डिंग पास, टॅक्सीची पावती आणि उशिराचं पत्र किंवा मेसेज त्याच दिवशी एका पाकिटात घाला आणि फोटोही काढून ठेवा. रद्द झालेल्या विमानाचं जुनं तिकीटही त्यातच असू द्या. अकाउंट्समधले साहेब टीए बिलावर हमखास विचारतात की तिकिटावर सकाळचे सहा आहेत, मग बोर्डिंग पासवर दुपारचा एक कसा.